लेणी सांगणार कोण?

कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार सामी नावाच्या सुताराने घडविले. धेनुकाकटच्या या कारागिराचा लेख दोन हजार वर्षे तिथे कोरलेला आहे. तो दाखविणारा क्वचितच भेटतो. मग पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरल्याची थाप खपून जाते! आमची मुले-मुली पदरमोड करून धम्मलिपी शिकतात, सुटीच्या दिवशी भाजे-बेडशाला लोकांना लेणी समजावतात. संग्रहालयशास्त्राचे अभ्यासक्रम मुंबईत आहेत. पण लोणावळ्यातली मजुरी बुडवून तिथे जाणार कोण? पुरातत्त्व खात्याने मावळच्या अशा तरुणांना फेलोशिप द्यावी. जाणकार अभिलेखतज्ज्ञाच्या हाताखाली वर्षभर शिक्षण, दरमहा विद्यावेतन, आणि काम इथल्याच लेण्यांत. तळेगाव दाभाडे येथील बाबासाहेबांच्या निवासस्थानालाही असा शिकलेला माहितगार हवा, अशी आमची मागणी आहे.