शंभरातून सात

“मॅडम, आईच्या काहीच ध्यानात राहीना.” कन्नड, सिल्लोड, पैठणकडून छत्रपती संभाजीनगरला माझ्याकडे येणारे लेक-सुना असंच सांगतात. त्या ‘काहीच’मध्ये नेमकं काय काय आहे, ते चाचणीतून शोधायचं असतं.

आजींना मी पंधरा शब्द पाच वेळा ऐकवते. दर वेळी आठवतील तितके त्यांनी सांगायचे. मग दुसरी कामं देते आणि अर्ध्या तासानं तेच शब्द विचारते. एकही आला नाही तरी थांबत नाही. नवे-जुने शब्द मिसळून विचारते, “आजी, यातला मघाशी कोणता होता?” ऐकताच ओळखले, तर शब्द साठले होते, फक्त वेळेवर सापडले नाहीत. ओळखताही आले नाहीत, तर बहुधा साठलेच नाहीत. घरच्यांना दोन्ही विसरणंच दिसतं; डॉक्टरांच्या पुढच्या तपासाची दिशा मात्र यानं बदलू शकते.

अवधानासाठी आकडे उलटे म्हणायचे: ‘दोन-नऊ’ला ‘नऊ-दोन’. कार्यकारी क्षमता म्हणजे बेत आखणं, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं. त्यासाठी मिनिटभर प्राण्यांची नावं. गाय, म्हैस, शेळी संपल्यावर कुणी आपसूक रानातल्या लांडग्या-कोल्ह्यांकडे वळतं, कुणी गोठ्यातच अडकतं. नावांच्या संख्येइतकंच हे वळणंही मी टिपते.

शाळेत न गेलेल्या माणसाची चाचणी मला सगळ्यात जोखमीची वाटते. अमेरिकेत 1975 साली आलेल्या आणि आजही जगभर चालणाऱ्या ‘एमएमएसई’ चाचणीत शंभरातून सात-सात वजा करायचे, एक वाक्य लिहायचं. आठवडी बाजारात चोख हिशेब करणारी बाई इथे गुण गमावते, तो स्मृतिभ्रंश नव्हे! हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी 1995 साली ‘एमएमएसई’चं हिंदी रूप मांडलं. त्यात वार उलटे म्हणायचे, लिहिण्याऐवजी घराबद्दल काही सांगायचं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2004च्या चाचणीसंचात रंगीत वर्तुळांतले आकडे क्रमानं जोडायचे असतात. अक्षरं लागत नाहीत, आकडे मात्र वाचता यावे लागतात. म्हणून गुण नेहमी त्याच वयाच्या, तितक्याच शिकलेल्या लोकांशी ताडून पाहायचे. मोबाइलवरच्या दहा प्रश्नांतून आजार ठरवणं मला म्हणूनच मुळीच मान्य नाही.

आजींना आणताना चष्मा, कानाचं यंत्र आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. थायरॉइड, बी-12ची कमतरता, मनाची उदासी यांनीही विसरायला होतं. रक्ततपासणीचे कागद असतील तर तेही हवेत. रात्रभर एसटीत जागवून आणू नका. आणि शेजारी बसून उत्तरं सुचवू नका.