विहिरीचें पाणी आणि घरचा शेतकरी

विहिरीचें पाणी नितळ दिसलें, उन्हाळ्यांत गार लागलें आणि त्यांत तुरीची डाळ लवकर शिजली म्हणजे तें उत्तम, ही परीक्षा आपल्या घरोघरीं आजीपासून चालत आलेली आहे. परीक्षा खोटी नाहीं, पण अपुरी आहे. वर्धा जिल्ह्याच्या भूजलांत आज जें द्रव्य चिंता उत्पन्न करीत आहे, त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि डाळीशीं तर त्याचें कांहींच वैर नाहीं. तें द्रव्य म्हणजे नायट्रेट.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालाप्रमाणें देशांतील सुमारें एकपंचमांश नमुन्यांत नायट्रेट दर लिटरास ४५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक आढळलें. विशेष बाधा झालेल्या १५ जिल्ह्यांच्या यादींत वर्ध्याचें नांव आहे. शेजारचे अमरावती व यवतमाळ हेही त्यांत आहेत. थोरांस याची बाधा सहसा जाणवत नाहीं. परंतु सहा महिन्यांच्या आंतील, बाहेरच्या दुधावर वाढणाऱ्या अर्भकाच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति त्यानें क्षीण होते व मूल निळसर दिसूं लागतें. विहिरीच्या पाण्याशीं असलेला हा संबंध अमेरिकेंतील आयोवा येथील डॉ. कॉमली यांनीं १९४५ सालीं दाखवून दिला. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगतों. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटलें कीं त्याचें प्रमाण वाढतें. बाळाच्या काळजीनें पातेलें तासभर चुलीवर ठेवणाऱ्या आजीबाईंनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

हें येतें कोठून? संडासाचे खड्डे व विहिरीलगतचे गोठे यांचा त्यांत वांटा आहेच. पण मोठा वांटा शेताचा. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. त्यांतील कांहीं पीक घेतें. उरलेल्याचें मातींतील सूक्ष्म जीव नायट्रेट करतात, आणि तें पावसाच्या पाण्याबरोबर खालीं उतरतें. आपली काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, तिच्याखालीं फटींचा काळा पत्थर; मग वाट सोपी होते.

आतां शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे. परंतु ज्यानें बीं आणि खत उधारीवर उचललें आहे आणि ज्याचा कापूस कोणत्या भावानें जाईल हें त्यास ठाऊक नाहीं, तो एक पोतें जास्त टाकतो तें धास्तीनें. २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. ही धास्ती कोणी वांटून घेतली, तर पोतें कमी होईल काय?

हा प्रश्न वर्ध्यास नवा नाहीं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचें काम मगनवाडींतून पाहणारे जे. सी. कुमारप्पा संतुलित शेतीचा आग्रह धरीत: जमिनीनें प्रथम पंचक्रोशीच्या अन्नवस्त्राची गरज भागवावी, बाजार त्यानंतर. जपानांत १९७० नंतर गृहिणींच्या मंडळांनीं शेतकऱ्यांशीं थेट करार करून याच जातीची व्यवस्था उभी केली. अमेरिकेंत ती १९८६ पासून दिसूं लागली. कुटुंबें हंगामाच्या आरंभींच पैसे देतात, आणि शेतांत जें पिकेल त्याचा वांटा आठवड्याआठवड्यास घेतात. पीक बुडालें तर तोटाही वांटून घेतात. हातीं रोख आलेल्या शेतकऱ्यास उधारीची गरज उरत नाहीं. तो ज्वारी, तूर, भाजीपाला मिसळून लावूं शकतो, आणि तुरीचीं खोल मुळें खालीं निसटणारें नत्र अडवूं शकतात. मगन संग्रहालय समितीनें समुद्रपूर तालुक्यांतील गिरड भागांत नैसर्गिक शेतीचें काम केलें आहे. तेव्हां असा शेतकरी शोधण्यास फार लांब जावें लागेल असें नाहीं.

मात्र एका घरानें भाजीवाला बदलला म्हणून विहीर शुद्ध होईल, अशी भाबडी आशा आम्ही कोणास लावूं इच्छीत नाहीं. पाणी शिवारभर मुरतें. म्हणून करारही शिवारभर हवा. म्यूनिक शहरानें हें ओळखलें. मांगफाल खोऱ्यांतून शहरास पाणी येतें. तेथें नायट्रेट मर्यादेच्या आंतच होतें, तरी तें वाढतांना पाहून नगराच्या जलखात्यानें १९९२ पासून तेथील शेतकऱ्यांस रासायनिक खतें सोडण्यासाठीं पैसे दिले, आणि प्रमाण उतरलें. फळ येण्यास वर्षें लागतात. शेणखतही बेसुमार टाकलें तर तेंही पाझरतेंच, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं; सेंद्रिय म्हटलें कीं विचार थांबतो, अशी आपल्याकडे खोड आहे.

बारा-चौदा पानांच्या एकत्र कुटुंबास ही व्यवस्था विशेष सोयीची. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरांत वांगीं ढीगभर आलीं तरी खपतात. मृग निघण्यापूर्वीं दोन-चार घरांनीं मिळून एका शेतकऱ्याशीं बोलावें, अर्धी रक्कम आधीं द्यावी, आणि युरिया किती टाकतां हें न संकोचतां विचारावें. वैशाखांत फुलकोबी मागूं नये. सुनांनीं हें कबूल केलें तरी नातवंडें करतील कीं नाहीं, याविषयीं आम्हांस शंका आहे. विहिरीचें पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेंत पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां तपासून आंकडे घरच्या वहींत लिहावे, आणि त्या शेतकऱ्याच्या विहिरीचे आंकडेही शेजारींच लिहावे.