तुकडेबंदीचा वाद आणि सातिवलीचे एक शेत

जमिनीचे तुकडे पाडू द्यावेत की न द्यावेत, ह्या प्रश्नावर आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. विद्वानांनी त्यावर ग्रंथ लिहिले, कायदेमंडळात भाषणे झाली, कायदा झाला, त्यात वारंवार दुरुस्त्या झाल्या. आणि इतके होऊनही घरातील कर्ता माणूस गेल्यावर ओटीवर बसलेली भावंडे जो प्रश्न एकमेकांस विचारतात, तो होता तेथेच आहे. महसूल खात्याच्या कारकुनीत आमचे आयुष्य गेले. सात-बारा आणि फेरफार ह्यांच्याशी आमचा नित्याचा संबंध. शिवाय वसई तालुक्यातील सातिवलीस आमची स्वतःची थोडी भातजमीन. त्यामुळे हा वाद आम्ही कचेरीत बसूनही पाहिला आहे आणि बांधावर उभे राहूनही. आमच्या शेतकरी वाचकांपुढे दोन्ही बाजू ठेवाव्यात, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम तुकडेबंदीच्या बाजूचे म्हणणे पाहू. डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्या शेतकीतज्ज्ञांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गावाची बारकाईने पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावी सरासरी खातेदाराजवळ सुमारे ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखविले. तुकडा लहान झाला की बांधात जमीन वाया जाते, नांगर वळविण्यास जागा पुरत नाही, विहीर खणावी तर तिचा खर्च निघत नाही, आणि राखण चार ठिकाणी करावी लागते. हे कोणाही कुणब्यास पुस्तकावाचून ठाऊक आहे. मुंबई इलाख्याचे शेतकी खात्याचे प्रमुख कीटिंग ह्यांनी तर जमीन एकाच वारसाकडे राहावी, अशी योजना मांडली होती.

आता दुसरी बाजू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहून ह्या विचाराचे मूळच तपासले. जमीन लहान की मोठी हे केवळ एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर लागणारे भांडवल व श्रम किती आहेत ह्यावरून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतीवर माणसांचा भार अधिक आहे आणि त्यांस दुसरा उद्योग नाही, म्हणून जमीन फुटते. सबब उपाय उद्योगधंद्यांच्या वाढीत आहे, असे त्यांनी सांगितले. पुढे १९२७ साली मुंबई कायदेमंडळापुढे लहान धारणक्षेत्रांचे विधेयक आले, तेव्हा सभासद ह्या नात्याने त्यांनी त्यास विरोध केला. जमिनी एकत्र करण्याच्या नावाखाली लहान शेतकरी भूमिहीन होईल, ही त्यांची हरकत होती. त्याऐवजी सहकारी शेतीचा मार्ग त्यांनी सुचविला. ते विधेयक कायद्याच्या रूपास आले नाही.

अखेर १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्याचा गाभा थोडक्यात असा. शासनाने प्रत्येक भागासाठी ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवावे. त्याहून लहान तो तुकडा. तुकडा विकावयाचा तर लगतच्या जमिनीच्या धारकासच विकता येईल. नवा तुकडा पाडणारी विक्री अथवा वाटणी कायद्याने रद्दबातल समजली जाईल. पूर्वी हे प्रमाण ठिकठिकाणी वेगवेगळे असे. २०२३ साली शासनाने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते बागायतीस १० गुंठे व जिरायतीस २० गुंठे असे खाली आणले. ४० गुंठ्यांचा एक एकर, हे ध्यानी घेता जिरायतीची मर्यादा आता अवघ्या अर्ध्या एकराची आहे.

ह्या कायद्यात एक कलम असे आहे की, ज्याची चर्चा फारशी कोणी करीत नाही. न्यायालयाने अथवा जिल्हाधिकाऱ्याने वाटप करताना एखाद्या हिस्सेदारास जमीन दिल्याने तुकडा पडत असेल, तर त्यास जमिनीऐवजी रोख मोबदला द्यावा. जमीन कोणी ठेवावी आणि पैसे कोणी घ्यावेत हे आपसांत ठरेना, तर चिठ्ठ्या टाकाव्यात. वाचताना ही तजवीज न्यायाची वाटते. परंतु जमीन ठेवणाऱ्याने इतरांस देण्यासाठी पैसा आणावा कोठून, ह्याचे उत्तर कायद्यात नाही. आमच्या मते सर्व वादाची गाठ येथेच आहे.

सातिवलीचे उदाहरण घेऊ. तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याकडील हा भाग पूर्वी पावसाळी भाताचा. वसई-विरार भागासाठी सिडकोने केलेल्या विकास आराखड्यास २००७ साली मंजुरी मिळाली. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०१४ साली ठाणे जिल्हा दुभंगून तालुका पालघर जिल्ह्यात गेला. एकीकडे रेल्वे, दुसरीकडे अहमदाबादचा महामार्ग, आणि मधल्या खाचरांत कारखान्यांचे गाळे व चाळी. अशा ठिकाणी जमिनीचा भाव भातावर ठरत नाही, गाळ्यावर ठरतो. भाताच्या उत्पन्नातून गाळ्याच्या भावाने भावाचा हिस्सा विकत घेणे कोणत्याही शेतकऱ्यास शक्य नाही.

मग व्यवहारात काय झाले? कायद्याने जमिनीचे तुकडे थांबले नाहीत. फक्त कागदावरून ते नाहीसे झाले. उताऱ्यावर दहा नावे सामाईक, आणि शेतात दहा कुंपणे! कोणी साठेखतावर ताबा दिला, कोणी मुखत्यारपत्रावर. कोठे एकमेकांस अनोळखी अशा माणसांनी मिळून पुरेसे क्षेत्र एकत्र खरेदी केले आणि दुसऱ्या दिवशी दोरी लावून आपापसांत वाटून घेतले. घेणाऱ्याचे नाव उताऱ्यास लागेना, देणाऱ्याचे सुटेना. पुढे वारस वाढले. महाराष्ट्रात १९९४ साली व देशभर २००५ साली मुलींस वडिलार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क मिळाला. हे न्याय्यच झाले. पण हिस्सेदार वाढले, ही गोष्टही खरी.

शासनानेही दोर कधी ओढला, कधी सैल सोडला. महापालिका व नगरपालिकांच्या हद्दीतील, आराखड्यात निवासी, व्यापारी अथवा औद्योगिक वापरासाठी दाखविलेल्या जमिनींस तुकडेबंदीतून सूट मिळाली. अकृषिक वापराचे जुने तुकड्यांचे व्यवहार बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची सोय २०१७ साली झाली. २०२४ साली तो आकडा ५ टक्के झाला. आणि २०२५ साली अशा क्षेत्रांतील जुने व्यवहार काहीही न भरता नियमित करण्याची वाट अध्यादेशाने मोकळी केली. मध्यंतरी नोंदणी खात्याने १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने तुकड्यांची दस्तनोंदणी रोखली होती. ते परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये रद्द केले. एक पक्ष म्हणतो, जो कायदा असंख्य लोकांनी मोडला तो ठेवून काय उपयोग? दुसरा म्हणतो, मोडणाऱ्यास दर वेळी माफी मिळाली तर पाळणारा मूर्ख ठरतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

येथे आमच्या घरची हकीकत सांगणे प्राप्त आहे. वडिलांमागे सातिवलीच्या हरित पट्ट्यातील ३६ गुंठे भातजमिनीस चार हिस्सेदार झालो: आम्ही, धाकटे बंधू, भगिनी, आणि दिवंगत वडील बंधूंचे चिरंजीव. प्रत्येकी ९ गुंठे. म्हणजे चारही तुकडेच. पुतण्यास आपल्या हिश्श्यावर कारखान्याचा गाळा बांधावयाचा होता. आम्ही कायद्याचे कलम पुढे केले. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “काका, आजूबाजूच्या चार शेतांत गाळे उभे राहिले, त्यांचे कागद तुमच्याच डोळ्यांखालून गेले ना? मग कायदा माझ्याच वाट्याला का?” आम्हांस उत्तर सुचले नाही. ते कागद आम्ही नियमाप्रमाणे पाहिले होते हे खरे. पण शेतात प्रत्यक्ष काय चालले आहे हे ठाऊक असूनही आम्ही कधी विचारणा केली नाही, हेही तितकेच खरे.

तीन महिने घरात बोलाचाली बंद होती. शेवटी भगिनीनेच तोड काढली. ती म्हणाली, “दादा, जमीन राखायची असेल तर तिची किंमत तुम्ही मोजा; फुकट राखण्याचा आग्रह धरू नका.” भाव गाळ्याचा नव्हे आणि निव्वळ भाताचाही नव्हे, असा मधला ठरविला. सेवानिवृत्तीच्या वेळी मिळालेल्या उपदानाची बहुतेक रक्कम आम्ही घातली, धाकट्या बंधूंनी आपला वाटा घातला, उरलेले हप्त्यांनी देण्याचे लिहून दिले. भगिनी व पुतण्या ह्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र केले. पुतण्याने त्या पैशांत भाड्याचा गाळा घेऊन काम सुरू केले. शेत ३६ गुंठे अखंड राहिले. आम्ही दोघे बंधू ते एकत्र लावतो. मात्र आमच्यामागे आमच्या मुलांनी काय करावे, हे आम्ही सांगू शकत नाही. आमच्याजवळ उपदान होते म्हणून हे जमले. ज्याच्याजवळ नाही त्याने काय करावे?

म्हणून आमचे मत असे. तुकडेबंदी हवी की नको, एवढाच प्रश्न विचारणे अपुरे आहे. जमीन अखंड राहावी असे समाजास वाटत असेल, तर ती अखंड ठेवणाऱ्या हिस्सेदारास इतरांचे पैसे भागविण्यासाठी अल्प व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज मिळाले पाहिजे, आणि शेतीपट्ट्यातील मोबदल्याचा भाव शेतीस झेपेल असा ठरला पाहिजे. शहरी हद्दीत जेथे घरे व कारखाने उभेच आहेत, तेथे कागद सरळ करणे योग्य; परंतु तीच सवलत पिकत्या जमिनीस लागू झाली, तर खाचर उरणार नाही. डॉक्टर आंबेडकरांनी सुचविलेली सहकारी शेती आणि मॅनसाहेबांनी दाखविलेले तुकड्यांचे दुखणे, ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नाहीत. एकीने रोग सांगितला, दुसरीने औषध. मधली कर्जाची सोय मात्र राहून गेली.

वाचकांस चार सूचना करून लेख संपवितो. वडीलधारी हयात असतानाच वाटणीचा विचार करावा आणि जे ठरेल ते नोंदवावे. जमीन घेण्यापूर्वी सात-बाराच्या इतर हक्कांत तुकड्याचा शेरा आहे काय, तसेच आराखड्यात ती जमीन कोणत्या पट्ट्यात आहे, हे पाहावे. व्यवहार नियमित झाला म्हणजे त्यावरील बांधकामही नियमित झाले, असे समजू नये; त्याची परवानगी निराळी. आणि बहिणीचा हिस्सा देणे टाळून जमीन अखंड राखल्याचे समाधान कोणी मानू नये. तो अखंडपणा पुढे न्यायालयातच तुटतो.