काम परदेशी, किल्ल्या घरी!

दिवेलागणीची वेळ झाली, कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, की पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतून एखादा मुलगा किंवा सून कानाला यंत्र लावून खोलीचे दार लोटून घेते. “अमेरिकेत आता सकाळ झाली,” हे आजीबाईसुद्धा सहज सांगतात. पण तो नेमके काय करतो असे विचारले, तर “सॉफ्टवेअरचे मेंटेनन्स” एवढेच उत्तर मिळते. परक्या बँकेच्या खातेवह्यांची देखभाल आपल्या घरातून चालावी, हे आहे तरी काय?

न झिजणाऱ्या वस्तूची दुरुस्ती

शिवणयंत्र झिजते, तेल मागते. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची जंत्री. ती झिजत नाही. मग दुरुस्ती कसली? तर आज्ञा तशाच राहतात आणि जग बदलते. कराचा दर बदलतो, नवा कायदा येतो, चोरांना नवी युक्ती सुचते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील मेअर लेहमन यांनी १९७० च्या दशकात नियमच सांगितला, की वापरातला प्रोग्रॅम सतत बदलत राहिला पाहिजे, नाहीतर तो हळूहळू निरुपयोगी होतो.

सन २००० चे उदाहरण अनेकांना आठवत असेल. जुन्या प्रोग्रॅमांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. शतक उलटताच ‘००’ म्हणजे १९०० असे यंत्राने समजले असते आणि व्याजापासून वयापर्यंत सारे हिशेब कोलमडले असते. ते निस्तरण्याचे पुष्कळसे काम भारतात आले. पण पायवाट त्याआधीच पडली होती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत निघाली आणि फकीरचंद कोहली यांच्या कारकीर्दीत १९७४ च्या सुमारास बरोज या अमेरिकी कंपनीचे काम तिने हाती घेतले. अंधेरीचा सीप्झ हा निर्यात विभाग १९७३ चा. इन्फोसिससुद्धा १९८१ साली पुण्यातच जन्मली. पुढे ती बंगळूरला गेली.

सोपवणे म्हणजे सोडून देणे नव्हे

दूरदेशी काम देणाऱ्या मालकाला वाटते, पैसे मोजले की आपली सुटका झाली. इथेच फसगत होते. पहिली गोष्ट ज्ञानाची. जुना माणूस वीस वर्षांत जे शिकला ते कागदावर क्वचितच असते. म्हणून शहाणे मालक नव्या मंडळींना जुन्यांशेजारी बसवतात आणि मग उलट त्यांच्याकडून सारे समजावून घेतात. शिकवलेले कळले की नाही, याची ही खरी परीक्षा.

दुसरी गोष्ट कराराची. सारा कारभार बंद पडला तर मिनिटांत उत्तर आणि एखादे अक्षर चुकले तर पुढच्या महिन्यात, अशी बिघाडांची प्रतवारी ठरवतात. पण मोबदला निव्वळ ‘मिटवलेल्या तक्रारीं’वर ठेवला, तर तक्रारी मिटतात आणि रोग राहतो. रोज ताप उतरवणारा वैद्य मोठा, की मलेरियाचे डबके बुजवणारा? जो मोठा, त्याचाच मोबदला जास्त हवा.

तिसरी गोष्ट घड्याळाची आणि जिभेची. मुंबई न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. एकत्र बोलायला मिळणारे तास-दोन तास सोन्याच्या मोलाचे. त्यात आपल्या तोंडचे “बघतो”! मराठी माणसाच्या “बघतो”मध्ये कधी होकार असतो, तर कधी संकोचाने झाकलेला नकार. परदेशी मालक तो होकारच समजतो आणि तारीख चुकली की दोघेही दुखावतात. “हे होणार नाही” असे वेळेवर सांगणारा मुलगा उद्धट नव्हे, तोच भरवशाचा.

ब्रिटनची चूक

दुर्लक्षाची किंमत किती, हे ब्रिटनच्या टीएसबी बँकेने दाखवले. त्या वेळी ती स्पेनच्या साबादेल बँकेच्या मालकीची होती. एप्रिल २०१८ मध्ये सारी खाती नव्या प्रणालीवर हलवण्याचे काम साबादेलच्याच स्पेनमधील तंत्रसंस्थेकडे होते आणि तिने पुढे अनेक उपकंत्राटदार नेमले होते. खाती हलली, पण प्रणाली कोसळली. लक्षावधी लोकांना आपलेच पैसे दिसेनात. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. तो दंड कंत्राटदाराला झाला नाही, बँकेला झाला. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल २०२३ च्या निर्देशांत हेच बजावले, की काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही.

धानोऱ्याचा धडा

या विद्येचा उत्तम पाठ मात्र संगणकापासून फार दूर, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात सापडतो. तिथले मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव. भोवतालच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे सरकारी करारांनी कागद गिरणीकडे जाई. ठरवणारे दूर आणि भोगणारे जवळ. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवला. बाहेरच्या तज्ज्ञांना बोलवायचे, खोदून प्रश्न विचारायचे, पण निर्णय ग्रामसभेने सर्वांच्या सहमतीने घ्यायचा, ही रीत. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्ञान बाहेरून घेतले, किल्ली घरी ठेवली.

ब्रिटनच्या बँकेला जे जमले नाही, ते या गावाला जमले, कारण प्रश्न विचारण्याइतका अभ्यास त्याने स्वतः केला होता.

आपल्या सोसायटीचा, शाळेचा, पतपेढीचा हिशेबही आता कुणीतरी बाहेरचाच सांभाळतो. पुढच्या सभेत चहा येण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत. मुख्य पासवर्ड कोणाच्या नावावर आहे? माहितीची प्रत आपल्याजवळ आहे काय? आणि हा गृहस्थ उद्या काम सोडून गेला, तर परवा दप्तर कोण उघडणार? उत्तर “बघतो” असे आले, तर मात्र सभा लांबवावी!