ओला कचरा, सुका कचरा : नागरी नियमांच्या परिभाषेचा विचार

शहरातील घरोघरच्या कचऱ्याचा प्रश्न हा आरोग्यशास्त्राचा, अभियांत्रिकीचा व नागरी कारभाराचा प्रश्न आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु तो काही अंशी भाषेचाही प्रश्न आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. नियम लिहिला जातो तो कागदावर. पाळावयाचा असतो तो स्वयंपाकघरात, केराच्या बादलीपाशी उभे राहून. या दोन ठिकाणांच्या दरम्यान शब्दांचा अर्थ कसा बदलतो आणि त्या बदलाची किंमत कोणास द्यावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे मुख्यतः पुणे शहरातील घेतली आहेत.

१. नियमांचे स्वरूप

केंद्र शासनाने २००० साली नागरी घनकचऱ्याविषयी जे नियम केले त्यांत कचऱ्याच्या वर्गीकरणास उत्तेजन देण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपविले होते. २०१६ च्या एप्रिल महिन्यात त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली आणि वर्गीकरणाची जबाबदारी स्पष्टपणे प्रत्येक घरावर आली. कुजणारा, न कुजणारा व घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे ठेवावेत. ते अधिकृत कचरावेचकाच्या अथवा गाडीच्या स्वाधीन करावेत. रस्त्यावर, गटारात वा नदीनाल्यात काहीही टाकू नये. कचरा जाळू नये अथवा पुरू नये. सेवेबद्दल ठरेल ते शुल्क द्यावे. बांधकामाचा राडारोडा व बागेतील पालापाचोळा निराळा ठेवावा, अशी ती कर्तव्ये होत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नियमांनी तिनाऐवजी चार भाग सांगितले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. रंगाचे डबे, जुने दिवे, पाऱ्याचे तापमापक व औषधे यांचा समावेश शेवटच्या भागात होतो.

वर्गीकरणाचे कारण थोडक्यात असे. कुजणारा पदार्थ हवा न मिळता दडपला गेला म्हणजे त्यातून मिथेन वायू निघतो व काळे पाणी झिरपते. तोच पदार्थ वेगळा ठेवून हवेशीर कुजविला तर त्याचे खत होते. कागदाला खरकटे लागले की त्याला भाव राहत नाही. स्वच्छ राहिला तर तो विकला जातो. मुंबईच्या देवनार येथील कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. २०१६ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस तेथे लागलेल्या आगीचा धूर पूर्व उपनगरांवर अनेक दिवस पसरून राहिला होता. पुण्याचा कचरा ज्यांच्या शिवारात वर्षानुवर्षे टाकला गेला त्या उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत गाड्या अडविल्या, तेव्हा शहरात ठिकठिकाणी कचरा साचून राहिला. घरातील बादलीत काय मिसळते यावर या गोष्टी अवलंबून असतात.

२. ‘ओला’ आणि ‘सुका’ या शब्दांचे अर्थ

नियमातील मूळ कल्पना पदार्थाच्या कुजण्याची आहे. व्यवहारात मात्र त्या जागी ओलावा दर्शविणारी ही जोडी रूढ झाली. मराठीत ‘ओला’ या विशेषणाचे निदान दोन अर्थ आहेत. ‘ओले कपडे’, ‘ओली फरशी’ यांत बाहेरून लागलेले पाणी अभिप्रेत असते. ‘ओले खोबरे’, ‘ओली हळद’, ‘ओले काजू’ यांत पदार्थाच्या अंगचा ओलावा, म्हणजे त्याचा ताजेपणा, अभिप्रेत असतो. पहिल्या अर्थाचा विरोधी शब्द सामान्यतः ‘कोरडा’ हा असतो, दुसऱ्याचा ‘सुका’. आपण ‘कोरडी फरशी’ म्हणतो, ‘सुकी फरशी’ सहसा म्हणत नाही. आणि ‘सुके खोबरे’ म्हणतो, ‘कोरडे खोबरे’ म्हणत नाही.

या दृष्टीने पाहता ‘ओला–सुका’ ही जोडी निवडण्यात चूक झाली असे म्हणता येणार नाही. अंगचा ओलावा असलेली भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न हे सर्व दुसऱ्या अर्थाने ओलेच आहे. अडचण निर्माण होते ती दोन ठिकाणी. पहिली ही की, बादलीपाशी उभे असलेल्या माणसाच्या हाताला जो ओलावा कळतो तो पहिल्या अर्थाचा असतो. दुसरी ही की, काही पदार्थ कोणत्याही अर्थाने ओले नसून नियमाने मात्र ‘ओला कचरा’ ठरतात.

नागरिकांना नेहमी पडणारे प्रश्न तपासले असता ते बहुतेक या दोन ठिकाणांहूनच उद्भवलेले दिसतात. दुधाची पिशवी आतून ओली असते, म्हणून ती ओल्या कचऱ्यात जाते. वास्तविक ती प्लास्टिकची, म्हणून विसळून, वाळवून सुक्यात दिली पाहिजे. कांद्याची टरफले, वाळलेला पाला, वाळलेली फुले ही हाताला कोरडी लागतात, म्हणून सुक्यात जातात. वास्तविक ती कुजणारी आहेत, आणि खत करणाऱ्यास तर वाळलेला पाला हवाच असतो, कारण नुसत्या हिरव्या व शिजलेल्या पदार्थांचा लगदा होऊन त्याला दुर्गंधी सुटते. तेलकट झालेला वडापावचा कागद ‘कागद’ म्हणून रद्दीकडे जातो. परंतु रद्दीवाल्यास तो निरुपयोगी असून खताच्या खड्ड्यात मात्र तो चालतो. नारळाच्या करवंटीचे उदाहरण याहून अवघड आहे. ती कुजणारी आहे हे खरे. पण तिला इतका काळ लागतो की घरगुती खतकुंडीत ती जशीच्या तशी राहते. येथे शब्दाचा दोष नसून वस्तूच दोन वर्गांच्या सीमेवर उभी आहे.

३. एक प्रसंग

प्रस्तुत लेखक ज्या इमारतीत राहतो तेथील एक प्रसंग या संदर्भात नमूद करण्यासारखा वाटतो. एका घरी सकाळी दुधाने भरलेला काचेचा पेला फुटला. घरातील बाईंनी काचा काळजीपूर्वक गोळा केल्या, एका पिशवीत बांधल्या आणि पिशवीतून दूध गळत होते म्हणून ती ओल्या कचऱ्याच्या बादलीत ठेवली. कचरा गोळा करणाऱ्या मावशींनी नित्याप्रमाणे ओल्या कचऱ्यात आलेले प्लास्टिक काढण्यासाठी हात घातला, आणि तळहाताला खोल जखम झाली. जखम बांधून झाल्यावर त्या बाई अत्यंत ओशाळून म्हणाल्या, “ओला होता म्हणून ओल्यात टाकला हो, मावशी.” त्यावर मावशींनी शांतपणे उत्तर दिले, “ओला म्हणजे कुजणारा, ताई. काच कुठं कुजती?”

पुढील आठ-दहा दिवस मावशींची सून त्यांच्या जागी कामावर येत होती.

या प्रसंगात निष्काळजीपणा कोठेही नाही. उलट नियम पाळण्याची इच्छा होती, काळजी होती, वर्गीकरणही झालेले होते. शब्दाचा जो अर्थ घरात समजला गेला तो नियमाचा अर्थ नव्हता, एवढेच घडले. आणि नियमातील संज्ञेची अचूक व्याख्या कोणी केली असेल तर ती जिच्या हाताला काच लागली तिने केली, ही गोष्ट परिभाषेचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

४. विभाजनाचे तत्त्व

तर्कशास्त्राचा असा दंडक आहे की कोणत्याही विभाजनात तत्त्व एकच असावे. माणसांचे ‘उंच, ठेंगणे व पुणेकर’ असे भाग पाडले तर एकच मनुष्य दोन वर्गांत येतो. हल्लीच्या चार वर्गांची नावे या दृष्टीने पाहावीत. ‘ओला’ व ‘सुका’ ही नावे ओलाव्यावरून, ‘सॅनिटरी’ हे उपयोगावरून, आणि ‘विशेष काळजीचा’ हे हाताळणीवरून पडलेले आहे. म्हणजे चार वर्ग आणि तीन तत्त्वे. मुदत संपलेले पातळ औषध ओले आहे व विशेष काळजीचेही आहे. बालकाचा वापरलेला लंगोट ओला आहे व सॅनिटरीही आहे. शासकीय व्यवहारात अशी मिश्र विभागणी टाळता येतेच असे नाही, कारण प्रत्येक वर्गाची पुढील वाट निराळी असते. परंतु तशी ती असेल तर अग्रक्रम सांगितला पाहिजे : प्रथम ‘यापासून कोणास इजा अथवा रोग होईल काय?’ हे पाहावे. नसेल तर मग ‘हे कुजेल काय?’ असे विचारावे. हा क्रम नियमांच्या हेतूत अभिप्रेत आहे. इमारतींतून लावलेल्या फलकांवर मात्र तो क्वचितच आढळतो.

याच्या उलट कचरावेचकांचे वर्गीकरण पाहावे. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. या नावातील पहिले तीन शब्द म्हणजे एक वर्गीकरणच होय, आणि त्याचे तत्त्व एकच आहे : वस्तू कशाची बनली आहे. ज्याला वस्तू विकावयाची असते त्याला हेच तत्त्व उपयोगी पडते. या संघटनेच्या प्रयत्नांतून निर्माण झालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी झालेल्या करारान्वये घरोघरचा कचरा गोळा करीत आली आहे; सुक्या कचऱ्यातील विक्रीयोग्य वस्तूंचे उत्पन्न हा तिच्या सभासदांच्या मिळकतीचा एक भाग असतो. खरकट्याने भिजलेला पुठ्ठा त्यांच्या दृष्टीने बुडालेली मजुरी होय.

५. घरातील जुने शब्द

मराठीत या विषयाचा शब्दसंग्रह दरिद्री नाही. केर, कचरा, खरकटे, उष्टे, रद्दी, मोडतोड, भंगार, राडारोडा, पालापाचोळा, निर्माल्य हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. केर जमिनीवरून काढावयाचा, खरकटे भांड्यातून, रद्दी विकावयाची (मूळ अरबी शब्दाचा अर्थ नाकारणे असा असला तरी आपण ती साठवितो), निर्माल्य पायदळी येऊ द्यावयाचे नाही. गावाकडील उकिरडा हाही निव्वळ घाणीचा ढीग नव्हता. तो कोणाच्या तरी मालकीचा असे व त्याचे खत होऊन शेतात जात असे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते अशा अर्थाची म्हण त्या अनुभवातूनच आली असावी.

या शब्दांची ताकद ‘निर्माल्य’ या एका उदाहरणावरून दिसून येते. देवाला वाहिलेल्या फुलांना मराठी माणूस कचरा म्हणत नाही, आणि कचरा म्हणत नाही म्हणून कचऱ्यात टाकीत नाही. तो ती नदीत सोडतो. पुढे गणेशोत्सवात विसर्जनघाटांवर ‘निर्माल्य कलश’ ठेवण्यात येऊ लागले. येथे नागरी व्यवस्थेने लोकांच्या शब्दाला विरोध न करता तोच शब्द स्वीकारला, आणि भांड्यालाही ‘पेटी’ न म्हणता ‘कलश’ म्हटले. पुष्कळ लोक आपण होऊन फुले त्यात ठेवतात. त्यातील दोरे व चकचकीत कागद वेगळे काढावे लागतात, ही अडचण शिल्लक आहेच.

जेथे शब्दच उच्चारावयाचा नसतो तेथील स्थिती याहून निराळी असते. मासिक पाळीच्या वापरलेल्या पट्ट्या घरातून बाहेर जातात त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, निनावी. कचरा वेगळा करणाऱ्या स्त्रीला पुडके उघडल्याशिवाय आत काय आहे हे कळण्याचा मार्ग नसे. ‘स्वच्छ’च्या सभासदांच्या प्रश्नावर पुण्यात जो उपाय पुढे आला तो शब्दाचा नव्हता, चिन्हाचा होता : पुडक्यावर लाल ठिपका काढावा. उच्चार न करता सूचना देणारे हे चिन्ह संकोचाचाही मान राखते आणि हाताचेही रक्षण करते. चिन्हशास्त्राच्या विद्यार्थ्यास याहून चांगले उदाहरण वर्गाबाहेर क्वचितच सापडेल.

६. ‘टाकणे’ आणि ‘देणे’

शेवटी क्रियापदांकडे वळू. कचऱ्याच्या संदर्भात मराठीत ‘टाकणे’ हे क्रियापद रूढ आहे. हेच क्रियापद सहायक म्हणून आले म्हणजे काम एकदाचे उरकल्याचा भाव दाखविते : ‘लिहून टाकले’, ‘विकून टाकले’. टाकलेल्या वस्तूशी आपला संबंध संपला, ही समजूत त्या शब्दातच वसलेली आहे. नियमाची अपेक्षा मात्र टाकण्याची नसून स्वाधीन करण्याची आहे. देण्याच्या क्रियेला घेणारा असावा लागतो. टाकण्याला तो लागत नाही. ‘कचरा टाकू नये’ असे फलक शहरभर दिसतात. तो कोणाला, केव्हा व कसा द्यावा हे सांगणारे फलक त्या मानाने थोडे. नियमातील कर्त्याचीही अशीच गत आहे. ‘कचरानिर्माता’ हा शब्द वाचून सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे एखादा कारखानदार उभा राहतो, फार तर चित्रपटाचा निर्माता. तो स्वतः उभा राहत नाही.

७. उपसंहार

‘ओला’ व ‘सुका’ हे शब्द आता इतके रूढ झाले आहेत की ते बदलण्याचा आग्रह धरणे व्यवहार्य होणार नाही. हिरव्या व निळ्या डब्यांशीही त्यांचा संबंध जडलेला आहे. शिवाय ‘कुजका कचरा’ असे नाव डब्यावर लिहिले तर तो डबा घरात ठेवण्यास फारसे कोणी राजी होणार नाही. म्हणून शब्द तेच ठेवून त्यांची व्याख्या डब्यावर लिहावी असे सुचवावेसे वाटते : ओला म्हणजे कुजणारा, सुका म्हणजे न कुजणारा, धुऊन वाळवून दिलेला, आणि हाताला इजा करील ते या दोहोंतही नाही. काच, पाते, सुई ही जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून, हातात द्यावीत.

लेखकाच्या इमारतीतील फलक त्या प्रसंगानंतर अशा रीतीने नव्याने लिहिला गेला. मजकूर ठरविताना मावशींना बोलावून तो वाचून दाखविण्यात आला, तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचविली : ‘कचरा टाकण्याची वेळ’ याऐवजी ‘कचरा देण्याची वेळ’ असे लिहावे. ती तत्काळ मान्य झाली.