जुने स्टिरीओ स्पीकर घेताय? आधी टाळ ऐका, मग पैसे मोजा

जुन्या वस्तू विकणाऱ्या मोबाईल ॲपवर सध्या ‘जुना स्टिरीओ, लाकडी बॉक्स, एकदम ओरिजिनल, चालू कंडिशन’ अशा जाहिराती जागोजागी दिसतात. फोटो झकास असतो, भाव चार-पाच हजार. गावाकडच्या बऱ्याच जणांना त्याचा मोह होतो, कारण तेवढ्याच पैशात मिळणाऱ्या नव्या प्लॅस्टिकच्या होम थिएटरचा नुसता धडधडाट होतो. अभंग लावला की पखवाज छाती फोडतो आणि गाणाऱ्याचा शब्द कळत नाही. जुन्या चांगल्या स्पीकरवर तोच अभंग नीट ऐकू येतो, हे खरंच आहे. पण स्पीकर घरी आणून जोडल्यावर एका बाजूनं खरखर, दुसऱ्या बाजूनं नुसती धूप-धूप, आणि विकणाऱ्याचा फोन बंद, असंही घडतं. बैल घेताना दात बघतात, चालवून बघतात. इथंही तेच करायचं असतं, फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे.

जुना माल म्हणजे नेमका कोणता?

१९७० ते १९९० च्या काळात आपल्याकडे कॉस्मिक, सोनोडाईन, फिलिप्स अशा कंपन्यांचे स्टिरीओ घराघरात होते. सोनोडाईन ही कोलकात्याची. बाहेरचा माल तेव्हा सहज मिळत नसे, त्यामुळे आखाती देशात कामाला गेलेली माणसं येताना सोनी, पॅनासोनिक, आयवाच्या सिस्टीम घेऊन यायची. कोकणात अशा सिस्टीम अजूनही माळ्यावर निघतात. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि सीडीवाल्या मिनी सिस्टीम आल्या. त्याही आता जुन्यातच जमा आहेत.

सगळंच जुनं चांगलं असतं असं मात्र नाही. मिनी सिस्टीमचे बरेच बॉक्स हलक्या भुशाच्या पाट्याचे आणि कागदी ट्विटरचे असतात. समोर तीन-चार गोल दिसतात, त्यातले एक-दोन नुसते शोभेचे. काहींना प्रत्येकी चार-चार वायरी किंवा त्या कंपनीचाच वेगळा प्लग असतो, तो दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला सरळ बसत नाही. घ्यायचेच असतील तर जाड लाकडाचे, मागे साध्या दोन टर्मिनलचे, उचलायला जड लागणारे बॉक्स बघावेत. वजनावरून सगळं ठरत नाही, पण हाताला हलका लागणारा मोठा बॉक्स बहुधा आतूनही हलकाच निघतो.

जाहिरातीतल्या वॉटवर तर जाऊच नका. ‘५००० वॉट पीएमपीओ’ या आकड्याला व्यवहारात काही अर्थ नाही. बघायचा तो आरएमएस वॉट. घरातल्या खोलीला २० ते ४० वॉट आरएमएस पोटभर होतात.

फोमचा भुगा

जुन्या स्पीकरचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे कोनाच्या भोवतीची फोमची कडा. वूफरचा कोन पुढं-मागं हलतो तो या कडेच्या जोरावर. फोम हवेनं आणि दमटपणानं आपोआप कुजतो, साधारण दहा-वीस वर्षांत. स्पीकर वाजवला नाही, कपड्यात गुंडाळून ठेवला, तरी कुजतो. म्हणून ‘एकदम कमी वापरलेला’ या शब्दाला इथं काही किंमत नाही. जाळी काढायला लावा आणि कडेला बोट हलकेच लावा. चिकट लागली किंवा भुगा पडला तर कडा गेली. विकणारा जाळी काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरावं.

कडा रबराची असेल तर जास्त टिकते. घड्या घातलेली कापडी कडा त्याहून टिकते. पन्नास वर्षांपूर्वीच्या स्पीकरची कापडी कडा आजही शाबूत सापडते.

फोम गेला म्हणजे स्पीकर गेला असं नाही. नवी कडा मिळते आणि चिकटवून घेता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीच्या भागात असलं सामान मिळतं, ऑनलाईनही मिळतं. मापात मात्र चूक नको. कोनाचा व्यास आणि बाहेरच्या रिंगचा व्यास मोजून, लिहून नेला पाहिजे. तालुक्याच्या गावात डीजेच्या स्पीकरची कॉइल बदलणारे कारागीर असतात, त्यातला हात बसलेला माणूस हे काम करतो. त्याला एकच सांगायचं, फक्त कडा बदल, कोन बदलू नको. कोन बदलला की मूळ आवाज राहत नाही, मग जुना स्पीकर घेण्यात मतलब काय?

घासणारी कॉइल मात्र नको

जाळी काढली की दोन्ही हातांची बोटं वूफरच्या कोनावर समोरासमोर, मधल्या गोलाजवळ ठेवा आणि कोन हळूच सरळ आत दाबा. गुपचूप आत-बाहेर झाला तर ठीक. ‘खर्र’ असा वाळू घासल्यासारखा आवाज आला तर आतली कॉइल मॅग्नेटला घासते आहे. कॉइल जळून फुगली तरी असं होतं, स्पीकर पडून मॅग्नेट सरकला तरी होतं. कधीकधी ते दुरुस्त होतं, पण कमी पैशातल्या खरेदीत हा नाद परवडत नाही.

दोन्ही बॉक्समधले वूफर सारखे आहेत का तेही बघा. एक जुना, दुसऱ्यात बाजारातून आणून बसवलेला, हे सर्रास आढळतं. मॅग्नेटवरचं लेबल, कोनाचा रंग, स्क्रूची डोकी यातला फरक डोळ्याला दिसतो. स्क्रूभोवती ओरखडे असतील तर आत कोणीतरी हात घातलेला आहे. दुरुस्ती झाली असेल तर त्यात वाईट काही नाही, पण ‘ओरिजिनल’ म्हणून भाव लावायचा नाही.

दोन-तीनशेचा मीटर आणि एक पेन्सिल सेल

मोटारीचं वायरिंग बघायला बऱ्याच शेतकऱ्यांकडे साधा मल्टिमीटर असतो. तो बरोबर न्या. ओहमवर लावून बॉक्सच्या मागच्या दोन्ही टर्मिनलला टोकं टेकवा. ८ ओहमच्या स्पीकरवर मीटर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमच्या स्पीकरवर तीन-साडेतीन. आकडा कमी दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो तसाच असतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल किंवा आतली वायर तुटलेली आहे. शून्याजवळ आला तर शॉर्ट. दोन्ही बॉक्सचे आकडे जवळजवळ सारखे हवेत.

यात एक गोम आहे. मीटर फक्त वूफरचं सांगतो. ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो मीटरचा करंट अडवतो. म्हणजे मीटर बरोबर आणि ट्विटर मेलेला, असं होऊ शकतं.

मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल आणि वायरीचे दोन तुकडे पुरतात. टर्मिनलला क्षणभरच टेकवा, धरून ठेवू नका. ‘थप’ असा आवाज येऊन कोन हलला पाहिजे. सेलचं प्लस लाल टर्मिनलला असेल तर बहुतेक स्पीकरचा कोन बाहेर येतो. जेबीएलच्या काही जुन्या स्पीकरमध्ये हे उलटं असतं. पण जोडीतला एक बाहेर आणि एक आत जात असेल तर एकाची वायर आत उलटी जोडलेली आहे. मग दोन्ही मिळून वाजवले की आवाजातला भरीवपणाच जातो. वायर उलटवली की काम झालं, खर्च नाही. भाव करताना मात्र हा दोष उपयोगी पडतो.

ऐकल्याशिवाय पैसे नाहीत

विकणाऱ्याकडे अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर आपला न्यावा. छोटा बोर्ड आणि अडॅप्टर पिशवीत मावतो. आपल्या कानात बसलेलं गाणं लावायचं. भीमसेन जोशींचा अभंग उत्तम, कारण त्यात आवाज, पखवाज आणि टाळ तिन्ही आहेत. आधी एकच बॉक्स, मग दुसरा, शेवटी दोन्ही.

टाळ बारीक, स्वच्छ ऐकू आला पाहिजे. टाळाचा आवाज दबला असेल तर ट्विटर गेला आहे किंवा त्याचा कपॅसिटर. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक ट्विटरला आणि एक कानाला लावा, जिवंत आहे की नाही लगेच कळतं. मग पखवाजाचा धुमा ऐका. तो ‘भर्र’ वाजत असेल तर कडा फाटलेली आहे, कॉइल घासते आहे किंवा बॉक्सचा जोड सुटला आहे. आवाज हळू ठेवून ऐका, आणि नंतर थोडा वाढवून. विकणारे बऱ्याचदा एकदम मोठा आवाज करून कान दिपवतात.

कपॅसिटर जुना झाला की सुकतो. एकफेज मोटारीचा कपॅसिटर बसला की मोटार नुसती घूं करते आणि उचलत नाही, तसाच प्रकार. बदलायला स्वस्त आहे. फक्त त्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच घ्यायचा आणि प्लस-मायनस नसलेला, म्हणजे नॉन-पोलर घ्यायचा.

जाता जाता मोबाईलची बॅटरी लावून बॉक्सच्या भोकातून आत बघा. तिथं कुंभारणीचं मातीचं घर, उंदराचं बीळ, वाळवीची माती, काहीही असतं. भुशाच्या पाट्याचा बॉक्स फरशी पुसताना खालून पाणी पितो आणि फुगतो. खालची कड बोटानं दाबली आणि भुसा निघाला तर तो बॉक्स फार दिवस टिकत नाही.

खरा हिशोब

समजा जोडी ४,००० ला ठरली. दोन्ही वूफरच्या कडा मजुरीसह १,२००, कपॅसिटर ३००, अ‍ॅम्प्लिफायर २,५००, वायर आणि मोबाईल जोडायचं ब्लूटूथचं किट ५००, गाडीखर्च ५००. झाले ९,०००. म्हणजे चार हजाराचा माल नऊ हजाराला पडला. खर्च गाव-बाजाराप्रमाणे कमी-जास्त होईल, पण हा कागद घासाघीस करण्याआधी लिहायचा, नंतर नाही. कडा गेलेली जोडी घ्यायला हरकत नाही, कडेचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

अ‍ॅम्प्लिफायरबद्दल थोडं. गावात ४४४० आयसीचा बोर्ड सगळ्यांना माहीत आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, लोडशेडिंगमध्ये बरा. पण तो दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सहा वॉट देतो. खोलीत हळू ऐकायला पुरतो. त्यावर बटण शेवटपर्यंत फिरवलं की आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजानं आधी ट्विटर जळतो. लहान अ‍ॅम्प्लिफायरनं मोठा स्पीकर जळत नाही, हा समज चुकीचा आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘८ ओहम’ लिहिलं असेल तर त्याला ४ ओहमचा स्पीकर लावू नये, तो तापून बसतो.

बाहेरून आलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर स्वस्तात मिळत असेल तर मागचा व्होल्टेजचा आकडा आधी वाचा. जपानच्या घरगुती बाजारातला माल १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला ११०-१२० चा. आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातला की धूर. वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो.

भजनी मंडळांसाठी एक वेगळी सूचना. घरगुती स्टिरीओचे स्पीकर मंडपात, अंगणात वाजवायचे नसतात, तिथं ते फाटतात. आणि देवळातले भोंगे किंवा कॉलम बऱ्याचदा १०० व्होल्ट लाईनचे असतात, त्यांच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो. त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या १०० व्होल्टच्या टर्मिनलला घरचा ८ ओहमचा स्पीकर जोडला तर जळतो.

पैसे पाठवताना

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजार आहे. तिथं माल हातात घेऊन बघता येतो, परत करता येत नाही. ऑनलाईनवर उलटा धोका. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, सामान घाईत विकतोय, आधी वाहतुकीचे पैसे टाका’ ही गोष्ट देशभर सांगून लोकांना लुबाडलं गेलं आहे. दुसरी युक्ती विकणाऱ्याला फसवायची. गिऱ्हाईक म्हणतं, ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

स्पीकर घरी आणताना कोनाची बाजू एकमेकांसमोर ठेवू नका. कोनात भोक पडू शकतं. मध्ये जाड पुठ्ठा घालावा, बॉक्स गाडीत उभे बांधावेत. घरात जमिनीवर न ठेवता विटेवर किंवा स्टुलावर, भिंतीपासून वीतभर पुढं ठेवले की धुमा मोकळा होतो. मागच्या भोकाला बारीक तारेची जाळी लावून घ्यावी, उंदरांसाठी.