फ्रीझर म्हणजे पॉज बटण: उन्हाळ्यातला गारेगार फळखाऊ

(एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

उकडतंय ना? आजचा विषय एकदम घरगुती आहे. फळं फ्रीझरमध्ये टाकून गारेगार खाऊ कसा करायचा. पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं आहे खरं तर. पण मागच्या मे महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हा एपिसोड करण्यात अर्थ नाही.

मी मूळचा जळगावचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. सुट्टीला घरी गेलो होतो, ताई आणि माझी चार वर्षांची भाचीपण आलेली. सकाळी टरबूज कापलं. (पुणेकरांनो, कलिंगड!) अर्धं खाल्लं, अर्धं ओट्यावर तसंच राहिलं. दुपारी तीनला भाची म्हणाली, "मामा, गारेगार पाहिजे." मी ते उरलेलं टरबूज मिक्सरमधून काढलं, कुल्फीच्या साच्यात ओतलं आणि फ्रीझरमध्ये ठेवलं. आई म्हणाली, "अरे, सकाळपासून बाहेर आहे ते." मी म्हटलं, "आई, फ्रीझरमध्ये सगळे जंतू मरतात." बीटेक ना मी! आत्मविश्वास भरपूर.

रात्री भाचीने दोन कांड्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब. डॉक्टर, ओआरएस, दोन रात्री जागरण. टरबुजानेच झालं असं कुणी तपासून सांगितलं नाही, पण ते तिच्याशिवाय कुणी खाल्लं नव्हतं. ताई ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तुला माहीत नव्हतं, तर एवढ्या खात्रीने बोललास कशाला?" ते जास्त लागलं.

मग मी नीट वाचायला बसलो. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगायचं तर, फ्रीझर हे पॉज बटण आहे. डिलीट बटण नाही.

काय पॉज होतं?

घरच्या फ्रीझरचं तापमान साधारण उणे 18 अंश धरतात. तेवढ्या थंडीत जंतूंची वाढ थांबते. काही मरतात, पण बरेचसे नुसते गप्प बसतात. कांडी वितळली की परत कामाला लागतात. म्हणजे फळ ज्या अवस्थेत आत गेलं, साधारण त्याच अवस्थेत बाहेर येणार.

म्हणून खरी काळजी फ्रीझरच्या आधी घ्यायची. कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि 32 अंशांच्या वर गरमी असेल तर एकच तास. जळगावच्या मे महिन्यात अर्थातच एक तास. टरबूज कापायच्या आधी बाहेरून धुवायचं, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. पाणी घालायचं असेल तर पिण्याचंच. बर्फालाही हेच लागू. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग मिसळायचा, असा नियम महाराष्ट्रात 2018 मध्ये आला, तो यासाठीच. गोळ्याच्या गाडीवर बर्फाची लादी निळसर दिसली, तर सरळ पुढे चालायला लागा.

कांडी दगडासारखी का होते?

कलिंगडात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पाणी गोठलं की दगड. पण पाण्यात साखर विरघळलेली असेल तर ते कमी तापमानाला गोठतं, आणि थोडा भाग पाकासारखा पातळ राहतो. म्हणून गोड फळ मऊ गोठतं आणि फिकं फळ दात पाडतं. मिश्रण मधून-मधून ढवळलं तर बर्फाचे कण बारीक राहतात आणि जिभेला मऊ लागतं.

अजून एक गंमत. थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो. म्हणून साच्यात ओतताना मिश्रण थोडं जास्त गोड लागलं पाहिजे. पण याची दुसरी बाजू पण ऐका. माझ्या बाबांना शुगर आहे. गार आंबा त्यांना 'फार गोड नाही' वाटतो आणि हात थांबत नाही. साखर तेवढीच असते, फक्त जीभ फसते. त्यांच्या वाटीत आम्ही आधीच मोजून फोडी घालतो.

आता तीन सोपे प्रकार

पहिला, केळं. साल काळे ठिपके पडलेली, पूर्ण पिकलेली केळी घ्या. साल आधीच काढा, नंतर ती काळी पडते आणि नखाने खरवडत बसावं लागतं. चकत्या करा, ताटात एकमेकींना न चिकटता पसरा आणि तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवा. मग डब्यात भरा. सगळ्या एकदम डब्यात कोंबल्या तर एकच मोठा गठ्ठा होतो. या चकत्या मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवा. आधी भुगा होईल. घाबरू नका, अजून फिरवा. एकदम आइस्क्रीमसारखं मऊ होतं. दूध नाही, साखर नाही.

दुसरा, द्राक्षं. नाशिकची द्राक्षं स्वस्त असतात तेव्हाच करून ठेवा. धुवा आणि फडक्याने अगदी कोरडी करा, नाहीतर वर बर्फाचा थर चढतो. ताटात पसरून गोठवा. पण पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष अजिबात देऊ नका. ते बरोबर घशात अडकण्याच्या मापाचं असतं, आणि गोठलं की आणखी कडक. उभे चार तुकडे करा, थोडे नरम होऊ द्या आणि मूल खात असताना शेजारी बसा.

तिसरा, कलिंगडाची कांडी. बिया काढून ताज्या फोडी मिक्सरमधून काढा. लिंबू, चिमूटभर काळं मीठ, आणि फळ फिकं असेल तर थोडी साखर. साचा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, त्यामुळे वर बोटभर जागा सोडा. काचेचा पेला तर वापरूच नका, तडकतो. साचा नसेल तर स्टीलचा छोटा पेला आणि लाकडी काडी चालते. काढताना पेला बाहेरून पाण्यात धरा, कांडी सुटून येते.

सिंगल डोअर फ्रीज असेल तर एक गोष्ट. त्याचा फ्रीझर बऱ्याचदा तेवढा थंड नसतो, आणि आत बर्फाचा जाड थर साचला की आणखी ढिला पडतो. आधी डीफ्रॉस्ट करा, मग कांड्या रात्री ठेवा. रात्री दार कमी उघडतं.

आणि लाईट गेली तर? फ्रीझर उघडून बघत बसू नका, दार बंद असेल तोवर थंडी टिकते. लाईट आल्यावर आत बर्फाचे कण दिसत असतील तर परत गोठू द्या. चव थोडी उतरेल, एवढंच. पूर्ण वितळून कोमट झालं असेल तर टाकून द्या. दूध-दही घातलेलं असेल तर विचारसुद्धा करू नका. जीवावर येतं, पण पॉज सुटलेला असतो.

या मे महिन्यात भाची परत येणार आहे. मागच्या आठवड्यात फोनवर तिने विचारलं, "मामा, ह्या वेळी ताजं टरबूज आणशील ना?" ताईने शिकवलंय हे उघड आहे. मी 'हो' म्हटलं.

तुम्ही कुठलं फळ गोठवता ते व्हॉइस नोटवर नक्की सांगा. आणि खरंच उन्हातून आलात तर आधी पाणी प्या, कांडी नंतर. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!